दोनाचा एक दिवा

कुंभार पिंपळगावात सर्जेरावांच्या मोटारीला नावं ठेवायची कुणी बाकी ठेवली नव्हती. पोरं तिला बेडकी म्हणत. म्हाताऱ्या बाया तिला सायबाची बग्गी म्हणत. पारावरची टवाळ मंडळी मात्र एकच नाव घेत, काणी.

गाडीचं मूळ नाव फार थोडक्यातलं होतं. नाकावर आठ कोनांचा बिल्ला आणि त्यात दोन इंग्रजी अक्षरं, एमजी. विलायतेत बनलेली, अठ्ठेचाळीस सालची, दोनच माणसांपुरती, शर्यतीच्या घाटाची गाडी. सिकंदराबादच्या छावणीतला एक साहेब मायदेशी जाताना ती विकून गेला आणि हैदराबादेत शिकायला असलेल्या सर्जेरावांनी बापाच्या शिव्या खाऊन ती घेतली. परीक्षा राहिली ती राहिलीच, गाडी मात्र गावात आली. चाकं टांग्यासारखी उंच, तारांच्या आऱ्यांची. म्हणून तर गोदाकाठच्या मोसंबीच्या मळ्यापर्यंतची गाडीवाट ती या चौऱ्याहत्तर सालीही बिनतक्रार तुडवीत होती.

इंजन कण्हायचं, वरचं छत उसवलं होतं, हिरवा रंग उन्हानं विटून शेवाळासारखा झाला होता. त्याचं सर्जेरावांना काही नव्हतं. त्यांचा सारा जीव दिव्यांत. समोर दांडीवर बसवलेले ताटलीएवढे दोन गोल दिवे. मडगार्डांवर कापसाच्या बोंडांसारखे दोन छोटे. खाली डाव्या अंगाला धुक्यात लावायचा एक चपटा. आणि मागं, नंबरपट्टीजवळ, एकुलता एक तांबडा. संपलं. वळण दाखवायला दिवाच नाही, वळायचं तर हात बाहेर काढायचा.

एसटी स्टँडजवळ बॅटऱ्या चार्ज करणारा आणि सप्ताहात लाउडस्पीकर लावणारा रामकिसन दर दोन महिन्यांनी त्यांच्या मागं लागायचा.

"सर्जेदादा, लुकलुकते पिवळे दिवे लावून देतो ना. जालन्याहून आणतो. मागं एक तांबडा आणखी टाकतो. गाडी कशी नवरीवानी दिसंल."

"नवरी न्हाई रे ती. म्हातारी झाली."

"मंग म्हातारीला दोन डागिने घालायचे न्हाईत का?"

"रामकिसन, तू टाळकरी माणूस," सर्जेराव म्हणायचे. "जुन्या चालीचा अभंग चाललाय अन् मधीच कुणी सिनेमाची तान घुसवली, तर तू काय करशील?"

"टाळ फेकून मारीन."

"मंग मला काहून सांगतो? ज्या काळाची गाडी, त्या काळाचा दिवा."

एकाहत्तरच्या लढाईत सरकारचा हुकूम निघाला होता, दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा करा. सगळ्यांनी काळा रंग फासला. सर्जेरावांनी काचेला रंगाचं बोट लागू दिलं नाही. त्यांच्या बायकोनं, प्रभावतीनं, पोलक्याच्या कात्रीनं काळ्या कागदाचे दोन अर्धे चांद कापून दिले आणि खळीनं चिकटवले. लढाई सरली तसे कोमट पाण्याचा हात फिरवून अलगद काढले. काच जशीच्या तशी. प्रभावती म्हणाली, "बघा, दृष्ट लागू दिली न्हाई तुमच्या लेकींना." घरात लेकरू नव्हतं. ती असं बोलायची आणि हसायची, आणि ते हसणं ऐकणाऱ्याला जड जायचं.

आता त्या काणेपणाचं.

जुन्या विलायती गाड्यांची एक रीत होती. समोरून कुणी येत असलं की दिवे खाली करायचे. आजच्या गाड्यांचे दोन्ही दिवे मिळून खाली बघतात. ह्या गाडीचं तसं नाही. कळ दाबली की उजवा दिवा पार विझायचा आणि डावा तेवढा मान खाली घालून रस्त्याच्या कडेकडेनं चालायचा. समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जाऊ नये, आणि आपल्याला कडेचा खड्डा दिसावा. बनवणाऱ्यांनी मुद्दाम तशी केलेली होती. पण गावाला कोण सांगणार? दिवा विझला म्हणजे बिघडला. एका डोळ्याची गाडी सामोरी येणं म्हणजे अपशकुन. पारावर एकानं तर सांगून टाकलं होतं, लग्नाची वरात थांबवून ठेवा पण काणीला आधी जाऊ द्या.

प्रभावतीला मात्र ती रीत फार आवडायची.

गाव पांढरीवर, उंचावर. खाली ओढा, ओढ्यावर फरशीचा ठेंगणा पूल, फरशीनंतर चिंचेचं वळण. मळ्याकडून येणारी गाडी त्या वळणावर आली की सर्जेरावांच्या परसातून थेट दिसायची. दिवेलागण झाली की प्रभावती देवापुढं वात लावायची, तुळशीपुढं लावायची, आणि मागच्या दाराच्या उंबऱ्यावर येऊन बसायची. वळणावर दोन दिवे दिसत. एसटी असायची, कुणाचा ट्रक असायचा, फौजदाराची जीप असायची. आणि एखाद्या वेळी ते दोन दिवे वळण घेता घेता दोनाचा एक व्हायचे. उजवा मिटायचा. ते तिचं माणूस. तिच्या डोळ्यांवर झोत येऊ नये म्हणून सर्जेराव वळणावरच कळ दाबायचे. ती उठायची आणि तवा चुलीवर टाकायची. ओढ्यापासून घरापर्यंत बरोबर एक भाकरी फुगते, असा तिचा हिशेब होता आणि तो कधी चुकला नाही.

बहात्तरच्या दुष्काळात, विहिरीला तळ दिसायला लागला त्या महिन्यात, कावीळ झाली आणि ती गेली.

सर्जेराव त्यानंतरही रोज मळ्यात जात होते. रोज दिवेलागणीला परत येत होते. वळणावर आले की पाय आपोआप सैल पडायचा, हात कळीवर जायचा. उजवा दिवा मिटायचा. वर परसात मागचं दार अंधारात काळं दिसायचं. तिथं कुणी नाही हे त्यांना ठाऊक होतं. नाहीतरी देवळातला पुजारी शेजारती करतो, तेव्हा देव खरंच निजतो का हे कोण बघायला जातं? जे रोज करायचं ते रोज करायचं.

घरी आले की गाडी पुढच्या शेडमध्ये लावायची. प्रभावतीच्या जुन्या इरकलीचा एक मऊ तुकडा होता, त्यानं एकेक दिवा पुसायचा. मोठे दोन, छोटे दोन, चपटा, आणि मागचा तांबडा. मग आत जायचं. स्वयंपाकाला सोनूबाई यायची, दुपारी कालवण-भात करून उन्हं उतरायच्या आत जायची. चुलीजवळ झाकलेलं ताट असायचं, त्यात ऊन-ऊन भाकरी. बसायचं, जेवायचं, खरकटं उचलायचं. रेडिओवर भजन लागलं तर ऐकायचं. बोलायला भिंती होत्या.

त्यातल्या एका भिंतीची गोष्ट वेगळी. परसाची पूर्वेकडची भिंत झुंबरबाईंची. झुंबरबाई नात्यानं सर्जेरावांची चुलत चुलती, सत्तरी उलटलेली, विधवा, एकटी, आणि कानांनी बहिरी. दोन घरांत सर्जेरावांच्या वडलांच्या वेळेपासून अबोला. कारण काय, तर पन्हाळीचं पाणी कुणाच्या परसात पडावं. भांडणारे दोघेही केव्हाच पैलतीराला गेले, पन्हाळ गंजून गळून पडली, अबोला मात्र वडिलार्जित म्हणून दोन्ही घरांनी जपला. त्या घरचं पाणी ह्या घरानं प्यायचं नाही, ह्या घरची आग त्या घरानं न्यायची नाही. अगदीच बोलायची वेळ आली तर माणसाशी नाही बोलायचं, भिंतीशी बोलायचं. "भिंती गं, सांग त्यांना, वासरू सुटलंय." आणि पलीकडून, "भिंतीला म्हणावं, दिसतंय आम्हाला." असा संसार. झुंबरबाईंचे कान गेल्यापासून भिंतीचीही ती नोकरी सुटली होती.

माघ लागला आणि गावात सप्ताहाची गडबड सुरू झाली. देवळापुढं मांडव, सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, रोज कीर्तन. सर्जेरावांना कीर्तनाचं वेड लहानपणापासून. बुवा पूर्वरंगात अभंगाचा अर्थ उलगडायला लागले की त्यांना वाटायचं, गुंतलेली दोरी कुणी गुडघ्यावर घेऊन सोडवतंय. काल्याच्या कीर्तनाला पैठणकडचे एक वयोवृद्ध बुवा येत. त्यांना परतूरच्या स्टेशनावरून आणायचा मान सर्जेरावांचा. बुवांना ती उघडी गाडी आवडायची. म्हणायचे, "हिच्यात बसलं की वारा फुकटात नामस्मरण करतो."

सप्ताह बसायच्या आदल्या आठवड्यात बॅटरी उतरली म्हणून सर्जेरावांनी गाडी रामकिसनच्या दुकानी दोन दिवस ठेवली. घ्यायला गेले तर रामकिसनचं तोंड आरतीच्या ताटासारखं उजळलेलं.

"दादा, बसा. दिवे लावा. हां. आता खालची कळ दाबा."

सर्जेरावांनी कळ दाबली. समोरच्या भिंतीवरचे दोन्ही झोत एकदम खाली वाकले. दोन्ही दिवे लागलेलेच.

"काय केलं तू?"

"रोग काढला! उजव्याचा होल्डरच जुनाट व्हता. अँबेसेडरचा टाकला, दोन तारांचा बल्ब लावला, डाव्यावरून तार ओढली. पैसे म्हणाल तर एक रुपया घेणार न्हाई. बुवाची सेवा समजा. म्या मनात म्हटलं, संतमाणसाला दरसाल काण्या गाडीतून आणतो आपण, पाप लागतं. आता बघा, दोन्ही डोळे शाबूत!"

रामकिसनच्या कपाळावर सकाळचा बुक्का अजून होता. हाताला ग्रीस होतं आणि डोळ्यांत पाणी येईल इतका आनंद. सर्जेरावांनी दिवे विझवले. काय सांगायचं? मला तो डोळा मिटलेला पाहिजे, असं? कुणासाठी, म्हणून विचारलं तर?

"बरं केलं," ते म्हणाले आणि गाडी घेऊन निघाले.

त्या दिवशी मळ्यातून परत येताना चिंचेच्या वळणावर हात सवयीनं कळीवर गेला. दोन्ही दिवे मिळून खाली वाकले, फरशीवरून घसरले, पुढं गेले. बाजारात ओळखीचं माणूस समोरून यावं आणि मान वळवून निघून जावं, तसं झालं. वरचं दार रोजच्यासारखंच काळं होतं. पण आजवर त्या काळ्या दाराला काही सांगायला तरी मिळत होतं.

घरी आले. दिवे पुसले. आत गेले. चुलीजवळ कालवण होतं, भात होता. भाकरी नव्हती.

सोनूबाई विसरली असेल. त्यांनी भात खाल्ला. दुसऱ्या दिवशी भाकरी होती पण गार, चामड्यासारखी. तिसऱ्या दिवशीही गार, आणि एका बाजूनं करपलेली. मग रोजच गार. सर्जेराव तोंडानं बोलणारे नव्हते, पण एकट्या माणसाचं जेवण हीच त्याची एक पंगत, तीही बिघडली म्हणजे मन कशावर रमवायचं? सप्ताह सुरू झालेला. देवळात जाऊन बसले तर मृदंगाची थाप कानाशी येऊन परत जायची, आत शिरायची नाही. शेजारचा म्हणायचा, "दादा, आता गाडी झकास झाली म्हणं." ते मान हलवायचे.

काल्याच्या दोन दिवस आधी ते दुपारीच घरी आले. सोनूबाई ओसरीवर तांदूळ निवडीत होती.

"सोनूबाई, एक विचारू? राग न्हाई ना येणार?"

"विचारा ना, मालक."

"आठ रोज न्हाई झाले, भाकरी गार येऊन राह्यली. पयले कशी तव्यावरून उतरल्यासारखी असायची. काही अडचण हाय का घरी?"

सोनूबाईनं सूप खाली ठेवलं. त्यांच्याकडं अशी बघायला लागली, जसं काही त्यांनी विचारलं असावं की सूर्य कोणत्या बाजूनं उगवतो.

"मालक, म्या इथून जाते तवा उन्हं असतात. तुम्ही येता दिवेलागणीला. माझ्या हातची भाकरी तुमच्या ताटात ऊन कशी राहील?"

सर्जेरावांनी चुलीकडं बघितलं.

"दोन वर्सं तुम्ही ऊन भाकरी खाल्ली, अन् कधी इचारलं न्हाई?"

पुरुषाला भाकरी कुठून येते हे कळायला ती गार व्हावी लागते, तसं झालं.

"मंग कुणाची?"

सोनूबाईनं पूर्वेच्या भिंतीकडं नुसती हनुवटी केली. आणि मग घडाघडा सांगून टाकलं, साठवून ठेवलेलं सुटावं तसं. "मालकीणबाईंनी शपथ घातल्ती. अंथरुणाला खिळल्या ना, तवा त्या भिंतीतल्या खिंडारातून झुंबरमावशी यायच्या, तुम्ही मळ्यात गेले की. पेज आणायच्या, पाय चेपायच्या. मालकीणबाई त्यांना हातानं खुणा करून सांगायच्या. वळणाकडं बोट दाखवायच्या, दोन बोटं उभी करायच्या अन् त्यातलं एक मिटवायच्या. दोनाचा एक झाला की तवा टाकायचा. म्या रोज वाटीभर पीठ मावशीच्या उंबऱ्यावर ठेवून जाते. तुम्ही दिवे पुसत बसता पुढं, तितक्यात त्या मागून ताटात भाकरी टाकून जातात."

"अन् मला काहून सांगितलं न्हाई?"

"त्या म्हणल्या, कळलं तर खाणार न्हाईत. त्या घरचं पाणी वर्ज्य."

सर्जेराव उठले, मागच्या दाराशी गेले. आपलं घर असून त्या उंबऱ्यावर ते आजवर कधी बसले नव्हते. ते बसायचं ठिकाण प्रभावतीचं. भिंतीत खालच्या अंगाला दोन दगड निखळले होते, एक वाकलेलं माणूस जाईल एवढी वाट. दगडांच्या कडा हातांनी घासून गुळगुळीत झालेल्या.

पलीकडं झुंबरबाई आपल्या दाराशी बसलेल्या होत्या. अजून ऊन होतं, चांगलं पिवळंधमक. तरी म्हातारी पदर कपाळावर ओढून वळणाकडं बघत होती. बाजूला परातीत पीठ, तांब्यात पाणी. काल चुकलं, परवा चुकलं, आज नजर हलवायचीच नाही, असा तो बसण्याचा थाट. परका ट्रक गेला. तिनं दोन बोटं मांडीवर ठेवली, बघितली, परत उचलली.

सर्जेरावांना वाटलं हाक मारावी. "भिंती गं," ते म्हणाले, "सांग त्यांना..." आणि थांबले. भिंतीला सांगून काय होणार होतं? भिंत ऐकेल, म्हातारीला ऐकू जायचं नाही. ह्या जगात त्या बाईला कळेल अशी त्यांची एकच बोली होती, आणि ती रामकिसननं बुवाची सेवा म्हणून कापून टाकली होती.

काल्याच्या आदल्या दिवशी, बुवांना आणायला परतूरला निघण्याआधी, सर्जेरावांनी गाडी रामकिसनच्या दारात उभी केली. दुकानात लाउडस्पीकरचे कर्णे पुसायचं चाललं होतं.

"रामकिसन, ती तार काढ."

"कोणती तार?"

"उजव्या दिव्याची. कळ दाबली की उजवा विझला पाहिजे. पयल्यासारखा."

रामकिसननं कर्णा खाली ठेवला. "दादा, थट्टा करून राह्यले काय? आज बुवाला आणायचं अन् आजच गाडी काणी करायची? गाव मला जोड्यानं मारंल."

"गावाला म्या बघतो."

"काय येड लागलं तुम्हाला? तुमचा तो विलायतेचा सायब का इथं पाह्यला बसलाय, दिवा त्याच्या काळाचा हाय का न्हाई ते?"

"सायब न्हाई रे," सर्जेराव म्हणाले. "झुंबरकाकू बसलीय."

आणि मग त्यांनी सांगितलं. दुकानाच्या फळीवर बसून, टोपी हातात घेऊन. प्रभावती कुठं बसायची ते सांगितलं, दोनाचा एक कसा व्हायचा ते सांगितलं, एक भाकरी फुगायला लागणारी वाट सांगितली. दोन वर्षं आपण रिकाम्या दाराला खूण करतोय असं समजत होतो, तर पलीकडच्या दारानं ती उचलली होती, तेही सांगितलं. एवढं सलग ते दोन वर्षांत कुणाशी बोलले नव्हते.

रामकिसननं कर्ण्यावरचा फडका उचलून हात पुसले. मग नाक शिंकरल्यासारखं करून म्हणाला, "दादा, एक गडबड झाली. तुमचा जुना होल्डर म्या मोडीत टाकला. अस्सल पितळ व्हतं. मंदिराच्या टाळांसाठी पितळ गोळा चाललं व्हतं ना..."

सर्जेरावांनी डोळे मिटले. त्या गाडीच्या दिव्यांचा एक स्क्रू त्यांनी इतक्या वर्षांत परका लागू दिला नव्हता.

"आता तार काढतो," रामकिसन भीत-भीत म्हणाला. "बाहेरून बराबर तसाच दिसंल. कळ दाबली की विझंल. पण आत अँबेसेडरचाच राहील."

"राहू दे," सर्जेराव म्हणाले. "आपण तरी आतून कुठं पयल्यासारखे राह्यलो?"

रामकिसननं पान्हा घेतला. तार काढताना तो तोंडानं विठ्ठल विठ्ठल म्हणत होता, नवस फेडतो तसा. शेवटी कळ दाबून बघितली. उजवा मिटला, डावा वाकला. तो स्वतःशीच म्हणाला, "काणी कशाची? डोळा मारते लेकाची." आणि पोट धरून हसला, डोळे पुसले.

परतूरला आगगाडी वेळेवर आली. बुवा उतरले, पांढरी दाढी, पांढरं उपरणं, हातात चिपळ्यांची पिशवी. गाडीत बसले, उपरणं मानेभोवती गुंडाळलं. वाटेत सूर्य कलला, कपाशीच्या पऱ्हाट्या काळ्या दिसायला लागल्या, गार वारा तोंडावर यायला लागला. सर्जेरावांनी दिवे लावले. बुवा गुणगुणत होते, मधूनच थांबून विचारत होते, "ज्वारी हुरड्याला आली का? प्रभावतीबाई बऱ्या आहेत ना?" आणि मग त्यांनाच आठवलं आणि ते म्हणाले, "अरे रे. मागच्या सालीच तू सांगितलंस. म्हातारपण बघ."

"असू द्या, महाराज. कुणी तरी विचारलं."

गाव जवळ आलं. चिंचेचं वळण आलं. सर्जेरावांचा हात कळीपाशी जाऊन क्षणभर थांबला. दोन वर्षं तो हात नुसता सवयीनं जात होता. आज त्याला पलीकडं कुणी तरी आहे हे माहीत होतं, आणि त्यामुळंच भीती वाटत होती. म्हातारी थकून उठून गेली असली तर? इतक्या रोजच्या चुकीनंतर तिनं आशा सोडली असली तर?

त्यांनी कळ दाबली. उजवा दिवा मिटला.

"दिवा गेला वाटतं तुझा," बुवा म्हणाले.

"गेला न्हाई, महाराज. घरी कळवलं."

"घरी कोण असतं आता?"

ह्या प्रश्नाला सर्जेरावांकडं दोन वर्षांचं तयार उत्तर होतं. ते तोंडाशी आलं आणि त्यांनी ते गिळलं. वर पांढरीवर झुंबरबाईंच्या घराच्या धाब्यावरून धुराची एक वात सरळ उभी राहत होती. आधी बारीक, मग जाड.

"माणूस असतं," ते म्हणाले.

बुवांना ओसरीवर बसवलं, पाय धुवायला पाणी दिलं. देवळाकडून टाळांचा आवाज येत होता, मंडळी वाट बघत होती. सर्जेरावांनी आज दिवे पुसायचा फडका उचलला नाही. ते आत जाऊन चुलीजवळ अंधारात उभे राहिले.

मागच्या दारातून झुंबरबाई आल्या. वाकून, भिंतीला हात लावत, पदराच्या टोकात भाकरी धरून. सराईतासारखं ताटावरचं झाकण उचललं, भाकरी ठेवली, आणि मान वर केली तर समोर पुतण्या. म्हातारी जागच्या जागी थिजली. पदर पुढं ओढला. मग ज्या दिशेला भिंत होती तिकडं तोंड करून, बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाली,

"भिंतीला म्हणावं, भाकरी निवती."

"काकू!"

सर्जेराव जन्मल्यापासून तो शब्द त्या घरात कुणी त्या दिशेनं उच्चारला नव्हता. एवढ्या मोठ्यानं उच्चारला की गल्लीतलं कुत्रं भुंकलं आणि ओसरीवर बुवांनी "पांडुरंग" म्हटलं. झुंबरबाईंना शब्द ऐकू गेला की नुसतं हललेलं तोंड दिसलं, देव जाणे. त्या भिंतीकडंच बघत राहिल्या. पण गेल्या नाहीत.

सर्जेरावांनी ओसरीकडं बोट दाखवलं, दाढीची खूण केली, उपरण्याची खूण केली. मग दोन बोटं उभी केली. त्यातलं एकही मिटवलं नाही.

झुंबरबाईंनी त्या दोन बोटांकडं नीट बघितलं. "भिंतीला म्हणावं," त्या म्हणाल्या, "दोघांचं पीठ लागंल. वाटीभरात काय होतंय?"

सर्जेरावांनी पिठाचा डबाच उचलून त्यांच्या हातात दिला. जाता जाता खिंडारापाशी त्या थांबल्या, वळल्या, आणि पहिल्यांदाच भिंतीला न सांगता पुटपुटल्या, "इतके रोज कुठं गेल्ते? माझा जीव उडून गेल्ता." उत्तराची वाट न बघता, कारण ऐकू येणारच नव्हतं, त्या वाकून पलीकडं गेल्या.

बुवांना थोडा वेळ लागेल असं सांगून सर्जेराव शेडमध्ये गेले. इरकलीचा तुकडा घेऊन त्यांनी पुसायला सुरुवात केली. छोटे दोन. चपटा. मागचा तांबडा. मग डावा मोठा, तो अजून ऊन होता, कपड्यातून हाताला लागत होता. मग उजवा. तो वळणावरच विझलेला, गार पडलेला. त्यांनी त्या गार काचेवर तळवा ठेवला आणि तसाच राहू दिला.

देवळात मृदंगावर थाप पडली. पण सर्जेरावांचे कान दुसरीकडं होते. भिंतीपलीकडून परातीत भाकरी थापल्याचा आवाज येत होता, एका लयीत, थप थप थप. तो आवाज रोज होत असणार. ते दिवे पुसत असताना रोज होत असणार, आणि त्याही आधी, याच घरात, वर्षानुवर्षं झाला असणार. त्यांनी तो आजवर कधी ऐकला नव्हता.